वाट देणारा पूल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेल्वेचा पूल म्हटला की न हलणारी वस्तू आपल्या डोळ्यांसमोर येते. दगडी खांब, त्यावर लोखंडी गर्डर, खालून नदी आणि वरून गाडी. पूल हलला तर ती बातमी होते, आणि ती कधीच चांगली नसते. पण मुद्दाम हलण्यासाठीच बांधलेले काही रेल्वे-पूल जगात आहेत. गाडी जायची असेल तेव्हा ते आडवे असतात आणि जहाज जायचे असेल तेव्हा रुळांसकट बाजूला होतात किंवा वर उचलले जातात. आपल्या देशातला अशा प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध पूल पांबनचा. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मंडपमपासून रामेश्वरच्या बेटाकडे जाणारा. महाराष्ट्रातल्या हजारो घरांमधून काशी-रामेश्वरची यात्रा झाली आहे. त्यामुळे या पुलावरून गेलेली आजी किंवा आजोबा बहुतेकांच्या घराण्यात सापडतील. त्या पुलाची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

मी उंबरमाळीचा. शहापूर तालुक्यातले आमचे हे छोटे स्थानक मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये, थळ घाटाच्या पायथ्याशी आहे. रेल्वेत मी नोकरी केली नाही. शाळेत भूगोल शिकवला. पण घाटाखाली राहणाऱ्या माणसाच्या कानात गाड्यांची ये-जा बसलेली असते. आवाजावरून मालगाडी चढणीच्या तयारीत आहे की उतरून आली आहे, ते आम्हाला घरात बसून कळते. समुद्रातल्या पुलाबद्दल डोंगरातल्या माणसाने बोलावे, हे जरा विचित्र वाटेल. पण पांबनचा पूल उघडणारा का बांधावा लागला, याचे उत्तर आमच्या घाटातच चांगले समजते. म्हणून सुरुवात घाटापासून करतो.

मुंबई ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला, १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. पुढे इगतपुरी हाकेच्या अंतरावर दिसत होती. पण कसारा ते इगतपुरी एवढ्याशा मार्गाला आणखी चार वर्षे लागली. तो १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी भोर आणि थळ या दोन्ही घाटांची आखणी केली. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले आणि १८६२ मध्ये वारले. आपण आखलेल्या घाटातून गाडी वर चढताना त्यांना पाहता आली नाही. डोंगर फोडणाऱ्या हजारो मजुरांपैकी किती जण पटकीने, तापाने आणि सुरुंगाने गेले, त्यांची नावे तर कुठेच लिहिलेली नाहीत.

हा घाट सुमारे पंधरा किलोमीटरांत सुमारे ९७० फूट चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. चालणाऱ्या माणसाला हा चढ जाणवणारही नाही. बैलगाडी तो हसत चढेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकते ते अगदी लहानशा जागेवर. घर्षण कमी, म्हणूनच सपाटीवर एक इंजिन हजारो टन ओढू शकते. हाच गुण चढावर दोष होतो, चाक घसरू लागते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात. त्यांना आम्ही 'बँकर' म्हणतो. नाशिकला जाणाऱ्या प्रवाशांना कसाऱ्याला गाडीला बसणारा हलका धक्का ओळखीचा असतो. ही इंजिने मागून ढकलत गाडी इगतपुरीला नेतात आणि तिथे सुटी होतात. वाफेची इंजिने गेली, १९३० च्या सुमारास वीज आली, पुढे विजेचा प्रकारही बदलला, पण बँकर काही सुटला नाही. डोंगराचा उतार इंजिनाकडे पाहून कमी होत नाही.

वाटेत दऱ्या आल्या तिथे पूल बांधले. त्यात एहेगावचा पूल सर्वांत भव्य. सुमारे ७५० फूट लांब आणि तळापासून सुमारे १८० फूट उंच. पावसाळ्यात खालच्या दरीत पांढरे पाणी धावते आणि वरून गाडी जाते. दोघांची वाट एकमेकांना लागत नाही. जमिनीनेच तेवढी उंची दिली असल्याने इथे पाण्याला वाट देण्यासाठी पूल हलवावा लागत नाही. आता हाच प्रश्न समुद्राच्या काठावर नेऊन बघा.

पांबनची खाडी सुमारे दोन किलोमीटर रुंद आहे. तिच्या एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला मन्नारचे आखात. पाणी उथळ. मोठ्या जहाजांना इथून जाता येत नाही, ती श्रीलंकेला वळसा घालून जातात. पण लहान गलबते, मालवाहू पडाव, किनाऱ्याने जाणारी जहाजे आणि मासेमारीच्या मोठ्या नौका या खाडीतूनच ये-जा करतात. खाडीवर सरळ पूल टाकला तर त्यांची वाट कायमची बंद होईल. मग पूलच उंच का बांधू नये? इथे आमच्या घाटाचे गणित कामाला येते. समजा, मधल्या गाळ्याखालून जहाज जाण्यासाठी रूळ सतरा मीटर वर न्यायचे आहेत. थळ घाटाइतका, म्हणजे ३७ ला १ असा तीव्र चढ ठेवला तरी सव्वासहाशे मीटरांहून अधिक लांब चढण लागेल, आणि पलीकडे तेवढीच उतरण. शिवाय प्रत्येक गाडीला मागे बँकर लावावा लागेल तो वेगळाच. बँकर नको असेल तर दोनशे मीटरला एक मीटर इतका सौम्य चढ धरा. मग नुसती चढणच तीन किलोमीटर चारशे मीटरांची होते. आणि सगळी खाडीच दोन किलोमीटरांची! म्हणजे समुद्रात एक घाट बांधावा लागला असता. त्यापेक्षा एक गाळा उघडता ठेवणे किती तरी सोपे. मोटारींना असला सोस नसतो. त्यांचे रबरी चाक चढ सहज घेते. म्हणून १९८८ मध्ये पांबनला जो रस्त्याचा पूल झाला, तो मधोमध उंच कमान घेऊन जहाजांच्या डोक्यावरून निघून जातो. शेजारचा रेल्वेचा पूल मात्र पाण्याच्या जवळून, सपाट जातो आणि वेळ आली की उघडतो.

उघडणारे पूल तसे जुने. किल्ल्यांच्या खंदकावरचे साखळीने ओढायचे पूल त्यातलेच. पण रेल्वेचे वजन पेलेल असा उघडता पूल ही एकोणिसाव्या शतकाची गरज होती. त्याचे तीन मुख्य प्रकार. एक मधल्या खांबावर दारासारखा आडवा फिरतो. दुसरा फाटकाच्या दांडीसारखा एका टोकाने वर उचलला जातो. तिसरा दोन मनोऱ्यांमध्ये उद्वाहकासारखा सरळ वर जातो. पांबनच्या जुन्या पुलाचा प्रकार दुसरा, पण त्यात एक चतुर सुधारणा होती. ती अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या विल्यम शेर्झर या अभियंत्याची. शिकागोतून नदी वाहते. शहर वाढत होते, रेल्वे वाढत होती आणि जहाजेही वाढत होती. शेर्झर १८९३ मध्ये वारला. त्याच्या पद्धतीचे पहिले पूल १८९५ मध्ये शिकागोत उभे राहिले आणि त्याचा भाऊ आल्बर्ट याने ते काम पुढे नेले.

ही पद्धत समजायला रेल्वेचे फाटक आठवावे. फाटकाची लांब दांडी एक माणूस सहज वर करतो, कारण दांडीच्या आखूड टोकाला वजन बांधलेले असते. जड टोक खाली आले की लांब टोक वर जाते. माणसाने द्यायची ती फक्त चालना. पुलाच्या पात्याचेही तसेच. खाडीकडे लांब पाते, किनाऱ्याकडे समतोल राखणारे भारी वजन. पण फाटक एका खिळ्याभोवती फिरते. शेकडो टनांचे पाते खिळ्याभोवती फिरवले तर सगळा भार त्या खिळ्यावर येतो आणि तो झिजतो. शेर्झरने खिळा काढून टाकला. पात्याच्या मागच्या टोकाला चाकाच्या पाव भागासारखा गोलाकार तुकडा जोडला. पाते वर उचलले जाताना हा तुकडा सपाट मार्गावर मागे मागे लोळत जातो, डुलत्या खुर्चीचे पाय जमिनीवर लोळतात तसा. त्यामुळे घर्षण कमी होते आणि पाते वर जाता जाता खाडीपासून मागेही सरकते. जहाजाला अधिक मोकळी वाट मिळते.

पांबनच्या कामाला १९११ मध्ये सुरुवात झाली आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पूल वाहतुकीला खुला झाला. लांबी दोन किलोमीटरांहून थोडी अधिक, गाळे १४५. उघडणाऱ्या गाळ्याचे लोखंडी काम इंग्लंडमधल्या हेड राइटसन कंपनीने केले. हा गाळा सुमारे सव्वादोनशे फुटांचा. त्यात दोन पाती, मधोमध एकमेकांना भिडणारी. प्रत्येकाचे वजन चारशे टनांहून अधिक. पुलामागे केवळ यात्रेकरूंचा विचार नव्हता. त्याआधी मद्रासहून कोलंबोला जाणारा माणूस तुतिकोरिनपर्यंत गाडीने जाई आणि तिथून आगबोट धरी. पूल झाल्यावर गाडी रामेश्वर बेटाच्या टोकाला धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तिथून आगबोटीने थोडा प्रवास केला की तलैमन्नार, आणि पलीकडे पुन्हा गाडी. या गाडीला 'बोट मेल' म्हणत. लंकेच्या मळ्यांवर कामाला जाणारे तमिळ मजूर, व्यापारी, सरकारी अधिकारी आणि आपले काशी-रामेश्वरवाले एकाच गाडीने या पुलावरून जात.

१९९४ मध्ये मी तिथे गेलो तेव्हा लोहमार्ग मीटर गेजचा होता. मंडपमहून सुटलेली गाडी पुलावर चढली आणि इतकी हळू झाली की शेजारून माणूस चालत गेला असता. दोन्ही बाजूंना कठडा नाही. खिडकीतून खाली पाहिले की डब्याची कड आणि लगेच समुद्र. डब्यातले बोलणे आपोआप बंद झाले. एका वृद्ध बाईने हात जोडले. दुसऱ्या दिवशी मी पूल उघडताना पाहिला. कुठलेही यंत्र घरघरले नाही. दोन्ही बाजूंना माणसे होती. लांब दांडे धरून ती गोल गोल फिरत होती, उसाच्या चरकाभोवती बैल फिरतात तशी. दांड्याच्या फेऱ्या दातेरी चाकांवर, चाकांच्या फेऱ्या पात्यावर. बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटले. मग मधोमध रुळांमध्ये बोटभर फट दिसली, ती वीतभर झाली, आणि पाहता पाहता रूळ आकाशाकडे तोंड करून उभे राहिले. खालून नौका एकामागून एक गेल्या. नाखवे वर पाहून हात हलवत होते. दांड्यावरच्या माणसांनी घाम पुसला आणि पुन्हा उलट्या फेऱ्या सुरू केल्या. पुलाच्या जन्मापासून हे काम असेच हातांनी चालले होते.

हे दृश्य पाहताना मनात एकच प्रश्न येतो. रूळ असे उभे असताना गाडी आली तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपली पहिली गाडी ठाण्याला पोहोचली त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ६ मे १८५३ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात नॉरवॉक येथे नेमके हेच घडले. नदीवरचा पूल एका आगबोटीसाठी उघडलेला होता. तिथल्या खुणेची पद्धत साधी होती. उंच खांबावर लाल गोळा चढवलेला दिसला तर पूल जोडलेला आहे असे समजायचे, गोळा नसेल तर गाडी थांबवायची. त्या दिवशी गोळा वर नव्हता. चालकाच्या ते लक्षात आले नाही, आले तेव्हा उशीर झाला होता. गाडी उघड्या पुलावरून नदीत गेली आणि ४६ माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला. उघडणाऱ्या पुलापाशी प्रत्येक गाडीने पूर्ण थांबायचे. खूण काय आहे याचा प्रश्नच नाही, आधी थांबायचे आणि मग जायचे.

कायद्यापेक्षाही मोठा धडा पुढे यंत्रांनी गिरवला. खूण पाहणे किंवा न पाहणे हे माणसाच्या डोळ्यांवर सोडायचे नाही, तर पूल, कुलूप आणि सिग्नल एकमेकांत अडकवायचे. दोन्हीकडचे सिग्नल लाल झाल्याशिवाय पुलाचे कुलूप सुटणार नाही. पूल नीट बसून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होणार नाही. रेल्वेच्या भाषेत याला 'इंटरलॉकिंग' म्हणतात. चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये, हा त्यामागचा विचार.

आमच्या घाटात हाच विचार दुसऱ्या रूपात दिसतो. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती खाली येईपर्यंत तोफेचा गोळा होईल. म्हणून घाटात मुख्य रुळांपासून फुटून डोंगराकडे वर चढत जाणारे आंधळे फाटे ठेवले आहेत. त्यांना 'कॅच सायडिंग' म्हणतात. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असतो. म्हणजे गाडीची वाट मुळात डोंगराकडे. उतरणाऱ्या गाडीने तिथे थांबून दाखवायचे, आपण ताब्यात आहोत हे सिद्ध करायचे, मग सांधा फिरतो आणि खालची वाट मिळते. जी गाडी थांबू शकत नाही ती फाट्यावर चढते आणि चढावरच तिचा वेग संपतो. नाशिकहून येताना घाटात गाडी थांबली की प्रवासी घड्याळ पाहतात, कुरकुरतात. ते थांबणे म्हणजे खोळंबा नसतो. ती आपल्या जिवाची तपासणी असते.

पण सगळेच समुद्राने आणि वाऱ्याने ठरवले की माणसाची कुलपे अपुरी पडतात. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री भयंकर चक्रीवादळ धनुष्कोडीवर आदळले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी मध्यरात्रीच्या सुमारास धनुष्कोडीजवळ पोहोचली होती. अंधार, पाऊस, सिग्नल दिसेना. त्यात समुद्राची प्रचंड लाट आली आणि सबंध गाडी, आतल्या शंभराहून अधिक माणसांसह, गिळून गेली. कोणी वाचले नाही. धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले, आणि नंतर ते राहण्यास अयोग्य ठरवले गेले. तिथले रूळ पुन्हा टाकले गेले नाहीत. आजही तिथे वाळूत स्थानकाच्या आणि चर्चच्या पडक्या भिंती उभ्या आहेत.

पांबनच्या पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर त्या रात्री समुद्रात गेले. रामेश्वर बेटाचा जमिनीशी संबंध तुटला, कारण तेव्हा रस्त्याचा पूल नव्हता. टिकून राहिला तो शेर्झरचा उघडणारा गाळा. जो भाग सर्वांत नाजूक वाटावा, तोच वादळात उभा राहिला. पूल दुरुस्त करायला रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली, दक्षिण रेल्वेने ती तीन महिन्यांवर आणली, आणि काम एका तिशीतल्या अभियंत्याकडे सोपवले. त्यांचे नाव ई. श्रीधरन. इतके गर्डर नव्याने बनवून आणायचे तर महिनोन्‌महिने जाणार. पण वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी आहेत, हे तिथल्या कोळ्यांनी शोधून दाखवले. ते एकेक करून वर काढले आणि पुन्हा खांबांवर बसवले. ४६ दिवसांत पूल सुरू झाला. श्रीधरन यांचे कौतुक झाले, त्यांना रेल्वेमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले, ते योग्यच. त्याबरोबर समुद्राचा तळ ओळखणाऱ्या त्या कोळ्यांचीही आठवण ठेवायला हवी.

हेच श्रीधरन १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाचे पहिले प्रमुख झाले. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल त्यांच्याच कारकिर्दीतला. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा कोकणी माणसाची वर्षानुवर्षांची वाट पाहणी संपली. पांबनच्या खाडीत तरुणपणी मिळालेला धडा असा आपल्या सह्याद्रीच्या कामी आला असावा, असे मला वाटते. दोन्हीकडे शत्रू एकच, पाणी. तिकडे ते खालून आणि बाजूने येते, इकडे डोंगरातून.

२००७ मध्ये पांबनचा मार्ग ब्रॉडगेज झाला. शंभर वर्षांपूर्वी मीटर गेजसाठी बांधलेला पूल बळकट करून जड गाड्यांना पुरवला गेला. खारी हवा लोखंडाला क्षणभरही सोडत नाही, त्यामुळे रंगकाम आणि गंज खरवडणे हे तिथले बारमाही काम. पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवलेले होते. वारा ताशी ५८ किलोमीटरांच्या पुढे गेला की सिग्नल आपोआप लाल होई आणि गाडी मंडपमला किंवा पांबनला थांबून राही. १९६४ ची रात्र विसरायची नाही, असे त्या यंत्राने ठरवून टाकले होते. जानेवारी २०१३ मध्ये एक भरकटलेला बार्ज पुलाच्या खांबावर आदळला आणि गाड्या काही काळ बंद राहिल्या. शेवटी २३ डिसेंबर २०२२ पासून जुन्या पुलावरची वाहतूक थांबवण्यात आली. बरोबर अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्याच तारखांना धनुष्कोडी बुडाले होते.

शेजारीच नवा पूल उभा राहिला आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हा तिसऱ्या प्रकारचा पूल. मधला ७२.५ मीटरांचा गाळा दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांमधून सतरा मीटर सरळ वर जातो, आडवाच्या आडवा. विहिरीवर रहाटाने पोहरा काढताना दोराच्या दुसऱ्या टोकाला तेवढेच वजन लटकावले तर पोहरा हलका होईल. तसेच इथे गाळ्याच्या वजनाला तोलून धरणारी वजने मनोऱ्यांत आहेत. विजेच्या यंत्रांनी गाळा वर जातो, दांड्याभोवती फिरणारी माणसे आता लागत नाहीत. काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या सळया घातल्या आहेत, समुद्राला उत्तर म्हणून. भारतातला समुद्रावरचा हा पहिलाच सरळ वर उचलला जाणारा रेल्वे-पूल. यंत्रे बदलली, पण करार तोच राहिला. गाडी आणि नाव यांपैकी कोणाचीच वाट कायमची बंद करायची नाही. दोघांनीही आळीपाळीने थांबायचे.

रामेश्वरचे नाव निघाले की आपल्याला एकनाथ महाराज आठवतात. गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ वाटेत तहानेने तडफडणारे गाढव पाहतात आणि देवासाठी आणलेले पाणी त्याच्या तोंडात ओततात. ही कथा आपण भूतदयेची म्हणून मुलांना सांगतो. मला त्यात वाटेचा प्रश्नही दिसतो. आपला मार्ग कितीही मोठा आणि पवित्र असला, तरी आडवी आलेली दुसऱ्याची गरज पाहून थांबायचे की नाही?

आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यातली. मुंबईच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणावर इथून जाते. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. मोठाले नळ गावाशेजारून जातात, लांब पल्ल्याच्या गाड्या स्थानकातून धडधडत जातात, आणि दोन्ही बहुधा थांबत नाहीत. मुंबईला पाणी मिळू नये, असे इथला कोणीही म्हणत नाही. पांबनला कोणी गाडी बंद करा म्हणाले नाही, तसेच. मागणी एवढीच की बांधताना मधे एक उघडणारा गाळा ठेवा.

पाणी मात्र वाट मागत बसत नाही. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीच्या पावसात उंबरमाळी स्थानकात पाणी चढले. रूळ दिसेनासे झाले आणि पाणी फलाटाला लागले. त्याच पावसात कसारा घाटात दरडी आल्या आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या सकाळी स्थानकाकडे पाहिले तर खाडी आणि आमचे गाव यात फरक उरला नव्हता. घाट आखणाऱ्यांना पाण्याची ही सवय ठाऊक होती. म्हणून त्यांनी एहेगावसारख्या मोठ्या पुलांबरोबर लहानलहान मोऱ्याही जागोजाग बांधल्या. मोरी बुजली, ओढ्यात भराव पडला, उताराला झाडी उरली नाही, की पाणी रुळांवर येते.

दरवर्षी पावसाळ्याआधी रेल्वेची माणसे दोरांना लटकून घाटातले सैल झालेले दगड पाडतात, मोऱ्यांतला गाळ उपसतात, आणि पाऊस सुरू झाला की कंदील-बॅटऱ्या घेऊन रात्रभर रुळांवरून गस्त घालतात. त्यांचे काम पांबनला दांड्याभोवती फिरणाऱ्या माणसांसारखेच आहे. त्यांनी पाण्याला वाट करून दिली, तरच सकाळची गाडी वेळेवर जाते. पुढच्या वेळी कसाऱ्याच्या पुढे गाडी भर पावसात थांबली, तर खिडकीबाहेर जरूर पाहा. छत्री किंवा इरले घेतलेला एखादा माणूस रुळाकडेच्या मोरीत वाकून पाणी कसे चालले आहे ते बघत असेल. त्याने हात दाखवला की गाडी सुटेल.